बाळाला शस्त्रक्रिया सांगितली आहे: पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत सर्वांत आधी ठरवायची गोष्ट असते ती वेळ. काही आजारांत बाळाला त्याच रात्री ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावे लागते, काहींमध्ये दोन-चार आठवड्यांची सवड असते, काहींमध्ये बाळ सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे होण्याची मुद्दाम वाट पाहिली जाते आणि काही तक्रारी तर वयाबरोबर आपोआप बऱ्या होतात. घरातली धावपळ मात्र पुष्कळदा याच्या उलट चालते. बेंबी फुगलेल्या धडधाकट बाळाला घेऊन घरचे लोक चार दवाखाने पालथे घालतात, आणि दोन महिने डोळे पिवळे असलेल्या, पांढरट शी करणाऱ्या बाळाची कावीळ "उतरेल हळूहळू" म्हणून ते बाळ घरीच राहते. पहिल्या बाळाने थांबायला काहीच हरकत नसते, तर दुसऱ्याच्या यकृताचे रोज थोडे थोडे नुकसान होत असते. म्हणून या लेखात आधी वेळेचा हिशेब मांडला आहे आणि मग डॉक्टर, कागदपत्रे, पैसा, भूल आणि घरची काळजी यांकडे वळलो आहोत.

पहिली पायरी: घाई किती, हे ओळखणे

नवजात बाळाला हिरवी उलटी झाली, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ती शस्त्रक्रियेची तातडी मानावी. पित्त जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीला येऊन मिळते. त्यामुळे उलटीत पोपटी किंवा गडद हिरवा रंग दिसणे याचा अर्थ अडथळा त्याच्याही पुढे असण्याची शक्यता आहे. कधी आतड्याचा एखादा भाग जन्मतःच बंद असतो, तर कधी आतडे पोटात नीट बसलेले नसल्यामुळे स्वतःभोवती पीळ खाते. पीळ पडल्यावर जवळजवळ संपूर्ण लहान आतड्याचा रक्तपुरवठा थांबू शकतो आणि मग हाताशी उरतात ते काही तासच. अशा वेळी ग्राइप वॉटर, घुटी किंवा पोटाला हिंग लावणे यांत वेळ घालवू नये. बाळाला अंगावर पाजणे थांबवून, जिथे सोनोग्राफी, बाळाला भूल देण्याची सोय आणि शस्त्रक्रिया हे तिन्ही एकाच ठिकाणी आहे, तिथे थेट न्यावे. पाजल्यानंतर दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे दूध तोंडातून येणे ही निराळी गोष्ट आहे. बहुतेक बाळांना तसे होते.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसातच कळायला हव्यात अशा आणखी काही गोष्टी आहेत. तोंडातून सतत फेसाळ लाळ येत असेल आणि पहिल्या पाजण्यालाच बाळ ठसकून निळे पडत असेल, तर अन्ननलिका बंद असल्याची शंका घ्यावी लागते. परिचारिकेने तोंडातून घातलेली नळी साधारण १० सेंटिमीटरवर अडते, आणि एवढ्या साध्या तपासणीवरून निदानाची दिशा मिळते. अशा बाळाला चमचाभरही दूध देऊ नये, डोके उंच ठेवावे आणि लाळ वारंवार शोषून काढावी. दुसरी तपासणी गुदद्वाराची. सुमारे ५,००० बाळांमागे एकाला गुदद्वार नसते किंवा चुकीच्या जागी असते. मुलींमध्ये योनीमार्गाजवळच्या छोट्या छिद्रातून काळी शी बाहेर येत राहते, त्यामुळे "शी झाली" एवढ्यावर सगळे निश्चिंत होतात आणि दोष महिनोन्महिने लक्षात येत नाही. म्हणून पहिल्या आंघोळीच्या वेळी आजीने किंवा परिचारिकेने शीची जागा डोळ्यांनी पाहावी, असा माझा आग्रह आहे. पूर्ण दिवस भरलेल्या बाळाने २४ तासांत शी केली नाही आणि पोट फुगू लागले, तर तेही डॉक्टरांना लगेच सांगावे. आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणे, म्हणजेच हिर्शस्प्रुंगचा आजार, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे.

सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये आतड्यात आतडे शिरण्याचा प्रकार होतो. मूल पाय पोटाशी घेऊन किंचाळते, दोन-चार मिनिटांनी शांत होते, पुन्हा किंचाळते आणि मधल्या काळात मलूल पडत जाते. रक्तमिश्रित, लाल जेलीसारखी शी उशिरा दिसते. ती आव समजून औषध दिले जाते आणि मौल्यवान दिवस वाया जातो. सोनोग्राफीत निदान होते, आणि मूल वेळेवर आले तर गुदमार्गातून दाबाने हवा किंवा सलाईन सोडून बहुतेकदा पोट न उघडताच आतडे सोडवता येते. याच वयात शेंगदाणा, फुटाणा किंवा चिंचोका श्वासनलिकेत जातो. खाताना अचानक जोराचा ठसका लागला आणि त्यानंतर छातीत एका बाजूला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर ठसक्याचा तो प्रसंग डॉक्टरांना आवर्जून सांगावा. नाहीतर त्या मुलावर दम्याचे उपचार चालू राहतात. खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटणासारखा सेल गिळला असेल, तर तो नाण्यासारखा "शीवाटे पडेल" म्हणून थांबू नये. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत तिथली त्वचा जाळू शकतो.

मुलाच्या जांघेतली गाठ कठीण झाली, आत जाईना आणि मूल रडून उलटी करू लागले, तर तो अडकलेला हर्निया समजावा. वृषणात अचानक तीव्र वेदना होऊन ते वर ओढले गेले, तर पीळ पडल्याची शंका घ्यावी. साधारण ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर ते वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. मोठी मुले संकोचाने ही वेदना "पोटात दुखतंय" म्हणून सांगतात, म्हणून पोटदुखीच्या प्रत्येक मुलाची चड्डी काढून तपासणी व्हायला हवी.

आता आठवड्यांच्या हिशेबाचे आजार. यांतला सर्वांत दुर्लक्षित आजार म्हणजे पित्तनलिका बंद असणे. नवजात बाळाची साधी कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही डोळे पिवळे राहिले, शी पांढरट किंवा मातकट असली आणि लंगोटावर शूचा गडद पिवळा डाग पडत असला, तर रक्तातल्या बिलिरुबिनची, म्हणजे काविळीच्या पिवळ्या द्रव्याची, नुसती एकूण तपासणी पुरत नाही. त्यातले थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन किती आहे हे पाहावे लागते. जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५९ साली या आजारावरची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली आणि आजही तीच केली जाते. बाळ ६० दिवसांचे होण्याआधी ती झाली, तर पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. बाळाला कोवळ्या उन्हात ठेवणे किंवा काविळीचे गावठी औषध देणे यांचा या आजारावर काहीच उपयोग होत नाही. मी पालकांना बाळाच्या शीचा फोटो उजेडात काढून डॉक्टरांना दाखवायला सांगते, कारण "पिवळसर" आणि "पांढरट" या शब्दांचा अर्थ प्रत्येकाचा निराळा असतो.

जन्मानंतर दोन ते आठ आठवड्यांच्या काळात काही बाळांच्या जठराचे तोंड जाड होऊन आवळते. दूध कारंज्यासारखे बाहेर फेकले जाते, उलटी हिरवी नसते आणि उलटीनंतर बाळ पुन्हा भुकेने रडते. येथे पालकांचा एक गैरसमज होतो, तो दूर करायला हवा. रुग्णालयात दाखल केल्यावर एक-दोन दिवस फक्त सलाईन चालू असते, तेव्हा "ऑपरेशन टाळतायत" असे नातेवाइकांना वाटते. प्रत्यक्षात उलट्यांमुळे रक्तातले क्षार बिघडलेले असतात, आणि ते दुरुस्त न करता दिलेली भूल त्या बाळासाठी धोक्याची असते. शस्त्रक्रिया स्वतः छोटी आणि शंभर वर्षांहून अधिक काळ मुरलेली आहे. मुलाची शूची धार सतत थेंबथेंब पडत असेल, पोटात गाठ हाताला लागत असेल किंवा तान्ह्या बाळाच्या जांघेत रडताना फुगवटा येत असेल, तर त्याही तक्रारी आठवड्यांच्या आत दाखवण्याच्या आहेत. पोटातली गाठ घरातल्या प्रत्येकाने दाबून पाहू नये. मूत्रपिंडाच्या गाठीसारख्या काही गाठी दाबाने फुटू शकतात, आणि वेळेवर उपचार झाले तर यांतल्या पुष्कळ गाठी पूर्ण बऱ्या होतात.

वाट पाहण्याच्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगते. बेंबीचा हर्निया बहुतेक मुलांत चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बंद होतो. त्यावर नाणे ठेवून पट्टा बांधल्याने तो लवकर बंद होत नाही, उलट त्वचा मात्र खराब होते. जांघेतला हर्निया मात्र कधीच आपोआप बरा होत नाही, म्हणून या दोहोंची गल्लत करू नये. अंडकोषात पाणी साचणे साधारण दीड-दोन वर्षांपर्यंत आपोआप कमी होऊ शकते. वृषण खाली उतरले नसेल तर सहा महिन्यांपर्यंत वाट पाहतात आणि त्यानंतरही उतरले नाही तर साधारण वर्षाच्या, फार तर दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करतात. "मोठा झाल्यावर बघू" हा सल्ला आता चुकीचा ठरला आहे. शूची जागा शिश्नाच्या टोकाऐवजी खाली असेल, तर सुंता करू नये, कारण पुढची त्वचा दुरुस्तीसाठी लागते. लहान मुलाच्या शिश्नावरची त्वचा मागे जात नाही म्हणून ती जबरदस्तीने ओढू नये. फाटलेला ओठ साधारण तीन महिन्यांनंतर आणि टाळू नऊ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान शिवतात.

दुसरी पायरी: योग्य ठिकाण गाठणे

मुलांच्या शस्त्रक्रियेचे वेगळे शास्त्र आहे. बालशल्यचिकित्सक हा आधी सामान्य शल्यचिकित्सा शिकतो आणि मग लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत एम.सीएच. किंवा डीआरएनबी ही पुढची पदवी घेतो. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून साधारण पाव लिटर रक्त असते, त्याची साखर आणि अंगाची ऊब झपाट्याने उतरते आणि त्याला दिलेले सलाईन मिलिलिटरमध्ये मोजावे लागते. म्हणून फक्त सर्जन चांगला असून भागत नाही, तर तान्ह्या बाळांना भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग हेही त्याच इमारतीत हवेत. वर्षभराच्या निरोगी मुलाचा हर्निया जिल्ह्याच्या ठिकाणी उत्तम होऊ शकतो. अन्ननलिका बंद असलेले बाळ मात्र मोठ्या केंद्रातच जावे. मुंबईत परळचे १९२९ साली सुरू झालेले वाडिया बालरुग्णालय, केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय, पुण्यात ससून, नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे बालशल्यचिकित्सा विभाग आहेत. यांशिवाय अनेक शहरांत खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांत हे तज्ज्ञ काम करतात.

गरोदरपणी १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत दोष दिसला असेल, तर बाळंतपणच अशा केंद्रात ठेवावे. आजारी बाळाला रुग्णवाहिकेतून आणण्यापेक्षा ते आईच्या पोटातून तिथे पोहोचणे कधीही सुरक्षित. सोनोग्राफीत दोष दिसला म्हणून लगेच निराशेने निर्णय घेण्याआधी बालशल्यचिकित्सकांची एक भेट जरूर घ्यावी, कारण त्यांतले पुष्कळ दोष जन्मानंतर पूर्ण दुरुस्त करता येतात.

बाळ दुसऱ्या ठिकाणी हलवायचे असेल, तर निघण्यापूर्वी पुढच्या रुग्णालयाला फोन करून खाट असल्याची खात्री करून घ्यावी. बाळाला टोपी, मोजे घालून कोरड्या कपड्यात गुंडाळावे, आणि श्वास नीट चालू असेल तर आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून न्यावे. उलट्या होत असतील तर नाकातोंडातून पोटात नळी घालून तिचे तोंड खुले ठेवायला सांगावे. आतडी पोटाबाहेर असलेल्या बाळाची आतडी निर्जंतुक ओल्या गॉजने आणि वरून स्वच्छ प्लास्टिकने झाकून न्यावी लागतात. बाळंतपणाचा कागद, दिलेल्या इंजेक्शनांची यादी आणि आई सोबत येऊ शकत नसेल तर तिच्या रक्ताचा नमुना बरोबर द्यावा, कारण नवजात बाळासाठी रक्त जुळवताना तो कामी येतो. तातडीसाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे.

तिसरी पायरी: कागदपत्रे आणि पैसा

पैशाच्या चिंतेने घर विकायला निघालेले आईवडील आपल्याला मिळू शकणारी मदत विचारतच नाहीत, हे पाहून फार वाईट वाटते. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देते आणि तिच्या यादीत लहान मुलांच्या अनेक शस्त्रक्रिया आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. दाखल होण्याआधी, निदान दाखल होताच, त्याला भेटावे. बिल झाल्यानंतर भेटल्यास तो फारसे काही करू शकत नाही. नवजात बाळाचे नाव रेशन कार्डावर नसते, म्हणून सहसा आईवडिलांचे रेशन कार्ड, आधार कार्ड, बाळाचा जन्मदाखला आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो मागितला जातो. जन्मदाखला मिळालेला नसेल तर जन्म झालेल्या रुग्णालयाचे पत्र घेऊन यावे. तातडीच्या वेळी फोनवर कळवून आधी उपचार सुरू करण्याची आणि कागद नंतर देण्याची सोय योजनेत आहे.

अंगणवाडी आणि शाळेत तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये फाटलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयदोष, मोतीबिंदू यांसारखे दोष शोधून पुढच्या उपचारांची सोय त्यातून केली जाते. गावातल्या आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारल्यास तपासणी पथकाची वेळ कळते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, ही गोष्ट तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना स्पष्ट शब्दांत विचारावी. ओठ आणि टाळूच्या शस्त्रक्रिया स्माइल ट्रेन या संस्थेच्या मदतीने अनेक ठिकाणी मोफत होतात.

चौथी पायरी: सर्जनची भेट

भेटीला येताना बाळाची सगळी जुनी कागदपत्रे तारखेप्रमाणे लावून आणावीत आणि फुगवटा कधी येतो, उलटी कोणत्या रंगाची, शी किती दिवसांनी, याचे टिपण व फोटो सोबत ठेवावेत. जांघेतला फुगवटा तपासणीच्या वेळी हमखास गायब असतो, आणि मोबाइलवरचा फोटो निदान पक्के करतो. डॉक्टरांना विचारायचे ते असे: ही शस्त्रक्रिया आत्ता न केल्यास काय होईल, थांबल्यास किती थांबता येईल, ती एका टप्प्यात होते की अनेक, बाळ किती दिवस दूध पिणार नाही, आणि घरी गेल्यावर काय दिसले तर परत यायचे. दुर्बिणीतून करता येईल का हा प्रश्नही जरूर विचारावा, पण त्यावर अडून बसू नये. तान्ह्या बाळाच्या काही शस्त्रक्रियांत छोटा छेद घेऊन केलेले काम तितकेच चांगले असते. संमतीपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे आणि न समजलेला शब्द सही करण्यापूर्वीच विचारावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही भेट ऐकता आली तर बरे, कारण निर्णय पुष्कळदा त्यांच्या शब्दावर अडतो आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेली माहिती अर्धीच पोहोचते.

पाचवी पायरी: भूल आणि उपाशी ठेवणे

भुलेमुळे मुलाच्या बुद्धीवर परिणाम होईल का, हा प्रश्न आता जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा तीन तासांहून अधिक काळ दिलेल्या भुलेबाबत सावधगिरीचा इशारा दिला होता. त्यानंतर अनेक देशांत मिळून केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तान्हेपणी हर्नियासाठी तासाभराहून कमी वेळ भूल दिलेल्या मुलांची पाच वर्षांच्या वयातली बुद्धी, पूर्ण भूल न देता फक्त कमरेखालचा भाग बधिर करून शस्त्रक्रिया केलेल्या मुलांइतकीच आढळली. म्हणून गरजेची शस्त्रक्रिया या भीतीने पुढे ढकलू नये.

सर्दी, खोकला किंवा ताप असल्यास तो लपवू नये. तारीख मिळायला वेळ लागलेला असतो, त्यामुळे नाक गळत असतानाही "कालपासून बरं आहे" असे सांगण्याचा मोह होतो. परंतु सर्दी असलेल्या मुलाची श्वासनलिका भुलेखाली अचानक आवळू शकते, म्हणून तातडी नसलेली शस्त्रक्रिया काही आठवडे पुढे ढकलतात. नुकतीच लस दिली असेल तर तेही सांगावे. घरात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल, कापल्यावर रक्त थांबत नसेल किंवा मुलाला एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल, तर भूलतज्ज्ञांना आपण होऊन कळवावे.

उपाशी ठेवण्याचे नियम घड्याळाप्रमाणे पाळायचे असतात. साधारणपणे घट्ट अन्न, गाईम्हशीचे दूध आणि पावडरचे दूध शस्त्रक्रियेच्या ६ तास आधी बंद होते, आईचे दूध ४ तास आधी आणि पाणी २ तास आधी. काही केंद्रांत पाणी १ तास आधीपर्यंत देतात. आपल्या रुग्णालयाने सांगितलेली वेळ कागदावर लिहून घ्यावी. वरणाचे पाणी, ताक आणि दुधाचा चहा हे पाणी नव्हे. रडणाऱ्या नातवाला प्रेमापोटी हातात दिलेले एक बिस्किट भुलेत उलटी होऊन फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून हा नियम खोलीतल्या प्रत्येक नातेवाइकाला आधीच समजावावा. उलट गरजेपेक्षा जास्त उपाशी ठेवणेही चांगले नाही. तान्ह्या बाळाची साखर उतरते. नंबर पुढे गेला तर सिस्टरना विचारून पाणी किंवा सलाईन सुरू करून घ्यावे.

तीन वर्षांवरच्या मुलाला कुठे नेत आहोत ते खरे सांगावे. "बागेत जायचंय" असे सांगून आणलेले मूल नंतर आईवडिलांच्या कोणत्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. "झोपेचं औषध देतील, तू झोपशील, उठशील तेव्हा मी शेजारी असेन, थोडं दुखेल आणि त्याचंही औषध आहे" एवढे पुरे. आवडते खेळणे किंवा पांघरूण सोबत द्यावे.

सहावी पायरी: शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

बाळ बाहेर येते तेव्हा नाकात नळी, हाताला सलाईन, कधी छातीत किंवा पोटात निचऱ्याची नळी, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर श्वासाचे यंत्र असते. हे आधीच माहीत असेल तर पालकांचा धीर सुटत नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी पुन्हा हलू लागेपर्यंत काही दिवस बाळाला तोंडाने काही देत नाहीत. या काळात आईने दर दोन-तीन तासांनी दूध पिळून काढत राहावे, म्हणजे पान्हा टिकतो, आणि अतिदक्षता विभागात दूध साठवण्याची सोय असल्यास ते वापरता येते. बाळंतीण आईच्या स्वतःच्या जेवणाकडे, टाक्यांकडे आणि झोपेकडे घरच्यांनी लक्ष द्यावे. सगळे बाळाभोवती असतात आणि ती बाकावर बसून असते. मुलाला दुखत असेल तर ते सांगायला संकोच करू नये, कारण वजनाप्रमाणे दिलेली वेदनाशामके सुरक्षित असतात आणि न दुखणारे मूल नीट श्वास घेते, लवकर हलते, लवकर खाते.

सातवी पायरी: पोटावर शीची वाट असेल तर

गुदद्वार नसलेल्या पुष्कळ बाळांत आणि हिर्शस्प्रुंगच्या काही बाळांत आधी पोटावर आतड्याचे तोंड काढतात, ज्याला कोलोस्टॉमी म्हणतात. काही महिन्यांनी गुदद्वार तयार करतात आणि ते बरे झाल्यावर पोटावरचे तोंड बंद करतात. मेक्सिकोत १९८० साली पेन्या आणि डी व्ह्रीस या शल्यचिकित्सकांनी सुरू केलेली मागच्या बाजूने, बरोबर मध्यरेषेतून स्नायू ओळखत करण्याची पद्धत आज जगभर वापरली जाते. तीन टप्पे ऐकून घरातले लोक हबकतात, पण पहिल्या टप्प्यामुळे बाळाला पोटभर दूध पिऊन वाढायला वेळ मिळतो आणि नवी जागा शीच्या संसर्गाशिवाय भरून येते.

आतड्याचे ते तोंड गुलाबी-लाल आणि ओलसर असते. त्याला स्पर्शाची वेदना नसते आणि पुसताना एखादा थेंब रक्त आले तर घाबरू नये. ते काळपट पडले, खूप बाहेर आले, किंवा शी बंद होऊन पोट फुगले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. खरी काळजी भोवतालच्या त्वचेची घ्यायची. साध्या कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडे करून झिंक ऑक्साइडचा थर द्यावा. साबण, पावडर आणि डेटॉल टाळावे. पिशवी लावायची असल्यास भोक आतड्याच्या तोंडापेक्षा किंचितच मोठे कापावे आणि पिशवी एक-तृतीयांश भरताच रिकामी करावी. पिशवीचा खर्च झेपत नसेल, तर मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाच्या कोलोस्टॉमीवर मऊ सुती कापडाची घडी ठेवून वरून लंगोट बांधण्याची पद्धत आपल्याकडे हजारो आयांनी यशस्वीपणे सांभाळली आहे. लहान आतड्याचे तोंड असेल तर मात्र शी पातळ आणि जळजळीत असते, पाणी लवकर कमी होते, म्हणून पिशवीच वापरावी आणि शू कमी झाल्यास उशीर करू नये. बाळाला आंघोळ घालता येते, पालथे झोपवता येते, लस देता येते आणि वरचे अन्नही नेहमीच्या वयात सुरू करता येते.

नवीन गुदद्वार तयार केल्यावर साधारण दोन आठवड्यांनी ते रुंद ठेवण्यासाठी धातूच्या गुळगुळीत सळया घालायला शिकवतात. हे रोज घरी आईवडिलांनी करायचे असते आणि ठरावीक काळाने सळीचा नंबर वाढवला जातो. बाळ रडते म्हणून ते बंद केले, तर जागा आकसते आणि चांगली झालेली शस्त्रक्रिया पुन्हा करावी लागते. आईचे मन धजत नसेल तर वडिलांनी किंवा आजीने शिकून घ्यावे. पोटावरचे तोंड बंद झाल्यावर सुरुवातीला दिवसातून अनेक वेळा शी होते आणि ढुंगण सोलवटते. त्यासाठीचे मलम पहिल्या दिवसापासूनच लावावे, त्वचा लाल होण्याची वाट पाहू नये.

आठवी पायरी: घरी गेल्यावर आणि पुढची वर्षे

ताप, हिरवी उलटी, पोट फुगणे, जखमेतून पू किंवा शी बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर नेमून दिलेल्या तारखेची वाट न पाहता परत यावे. आजारानुसार काही खुणा वेगळ्या असतात. हिर्शस्प्रुंगची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचे पोट फुगून त्याला दुर्गंधीयुक्त पातळ शी आणि ताप आला, तर ते साधे जुलाब मानून ओआरएसवर ठेवू नये. आतड्याची सूज काही तासांत जीवघेणी होऊ शकते. कासाई शस्त्रक्रिया झालेल्या बाळाला ताप येऊन पुन्हा कावीळ वाढली, तर शिरेतून प्रतिजैविके लागतात. यांतल्या काही मुलांना पुढे यकृत प्रत्यारोपण करावे लागते आणि त्यासाठी आई किंवा वडील यकृताचा भाग देऊ शकतात. डोक्यातले पाणी काढण्यासाठी नळी बसवलेल्या मुलाला वारंवार उलट्या, सतत झोप किंवा डोकेदुखी झाली, तर नळी तुंबल्याची शंका घेऊन त्याच दिवशी तपासून घ्यावे.

मूल बरे दिसू लागले की पुढच्या भेटी सुटतात. गुदद्वाराची शस्त्रक्रिया झालेल्या मुलांना शाळेत जाण्याच्या वयापर्यंत शी नियंत्रणात आणण्यासाठी आहार, औषधे आणि कधी रोजच्या एनिमाची घडी बसवून द्यावी लागते. ती बसली तर मूल डाग पडण्याच्या भीतीशिवाय वर्गात बसते, म्हणून पहिलीत नाव घालण्यापूर्वीच सर्जनना भेटावे. ज्याचे वृषण खाली आणले आहे त्या मुलाला वयात आल्यावर महिन्यातून एकदा स्वतः चाचपून पाहायला आणि गाठ लागल्यास लाज न बाळगता सांगायला शिकवावे. मुलगी असेल आणि जननमार्गाजवळची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर पाळी सुरू होण्याच्या वयात आणि पुढे गरोदरपणी स्त्रीरोगतज्ज्ञांना त्याची पूर्ण माहिती द्यावी लागते.

त्यासाठी रुग्णालयातून सुटताना मिळालेला सारांश, शस्त्रक्रियेच्या नोंदीची प्रत आणि तपासलेल्या ऊतीचा अहवाल प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवून त्यांचे फोटो आईवडील दोघांच्याही मोबाइलमध्ये जतन करावेत, आणि मूल अठरा वर्षांचे झाल्यावर ती फाइल त्याला समजावून सांगून त्याच्याच हाती द्यावी.